मुका खांब

१

अक्काचा खरा दिवस अकरा वाजता सुरू होई. त्याआधीचा चहा, अंघोळ, धाकट्या बहिणीची निघण्याची घाई, हे सगळं नुसतं आवरणं. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. तिच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज खाली जाऊन विरला की अक्का खिडकीजवळच्या खुर्चीत बसे, मांडीवर जुनी उशी घेई आणि क्रोशाची सुई हातात धरी.

तीस वर्षं ती टोपल्या विणत होती. किल्ल्या टाकायला, साबण ठेवायला, अंडी ठेवायला, आणि अक्काच्याच शब्दांत सांगायचं तर ‘कानातली विसरायला’. घरगुती वस्तूंचं एक दुकान त्या घेऊन जाई. जाड सुती दोरा, घट्ट हात आणि पहिल्या टाक्यापासून शेवटपर्यंत मुका खांब. क्रोशात खांब पुष्कळ प्रकारचे असतात, पण मुका खांब सगळ्यांत बुटका. त्याने वीण दाट बसते आणि टोपली कशाच्याही आधाराशिवाय उभी राहते.

बाकी सगळी करामत मोजण्यात. मधोमध सहा टाके घालायचे, मग प्रत्येक फेरीला सहा वाढवत जायचं: बारा, अठरा, चोवीस, असं करत अठ्ठेचाळीसपर्यंत. तिथे वाढवणं थांबवायचं, त्याच अठ्ठेचाळीसवर बारा फेऱ्यांची भिंत चढवायची आणि दोरा कापायचा. तळाला टाके जास्त झाले तर तो कोबीच्या पानासारखा चुरमडतो, कमी पडले तर टोपीसारखा वाकतो. डोळे मिटून करण्यातलं काम.

गेल्या वर्षी एका सकाळी दात घासताना अक्काचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात गळून पडला. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. बोलणं पंधरा दिवसांत परत आलं, हात तीन महिन्यांत. आकडे मात्र आले नाहीत. चारच्या पुढे तिच्या डोक्यात सगळी पडझड होती. पाचाच्या जागी तीन यायचे, मग अकरा, मग काहीच नाही. गोळ्या ती रंगावरून ओळखे, आणि दोन गोळ्या एकाच रंगाच्या निघाल्या की तिचं अवसान गळे. फोन फक्त आलेला घ्यायचा, लावायचा धाकटीने.

आणि धाकटीचं लग्न ठरलेलं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा. चष्मा करायला आलेला एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस पुन्हा पुन्हा चष्मा घट्ट करायला येऊ लागला, तेव्हा दुकानातल्या सगळ्यांना समजलं, धाकटीला सोडून. घरात त्याचं नाव पडलं घड्याळजी. तो राही आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, आणि तरी येई. अक्का आजारी पडल्यावर त्याने लग्न पुढे ढकललं आणि एकदाही कुरकुर केली नाही. धाकटीने मात्र स्पष्ट सांगून टाकलं होतं, की अक्काला स्वतःच्या गोळ्या मोजता येईपर्यंत ती घर सोडणार नाही.

आपला हात परत यावा असं अक्काला जेवढं वाटलं होतं, त्याहून धाकटी जावी असं जास्त वाटत होतं.

२

हाताला व्यायाम म्हणून विणायला सांगितलं होतं, म्हणून ती विणत होती. तळामागून तळ चुरमडत होते. ती उसवत होती, पुन्हा घालत होती.

त्या दिवशी पहिले सहा टाके नीट पडले. ते हाताला पाठ होते. दुसऱ्या फेरीत ती चारवर अडली. चारनंतर काहीतरी असतं एवढं ठाऊक होतं, पण काय ते सापडेना. ती सुई तशीच धरून बसली.

मागच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, “पाच.”

अगदी सहज. मग जरा वेळाने “सहा”. मग “सात”. एक टाका घालायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच अंतराने. आवाज बाईचा होता, ओठांत दोऱ्याचं टोक धरून बोलावं तसा दबलेला.

अक्काच्या मनात पहिल्यांदा भीती आलीच नाही. तहानलेल्या माणसाने ओंजळ पुढे करावी तशी तिची सुई चालू लागली. बारा झाले. अठरा झाले. दर फेरीच्या शेवटी तो आवाज नाकाने एक छोटा श्वास घेई आणि पुन्हा एकपासून सुरू करी. तासाभराने तिच्या मांडीवर अठ्ठेचाळीस टाक्यांचा तळ होता, बशीसारखा सपाट.

ती त्यावरून हात फिरवत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की मोजणं थांबलंय आणि घर फार शांत झालंय. तेव्हा मात्र तिची मान आखडली.

३

अक्का काही भोळीभाबडी बाई नव्हती. खालच्या मजल्यावर रेडिओ असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मुलांना आकडे शिकवायचा कार्यक्रम असेल. पण रेडिओ तिच्या सुईच्या वेगाने कसा चालेल?

दर बुधवारी हाताचा व्यायाम घ्यायला एक बाई घरी यायच्या. त्यांना तिने अर्धंच सांगितलं, की हल्ली मोजताना आकडे कानात ऐकू आल्यासारखे येतात. व्यायामाच्या बाई खूश झाल्या. मेंदूची एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो, म्हणाल्या. काही जणांना गाण्यातून शब्द परत मिळतात, तुम्हाला आवाजातून मिळत असतील. अक्काला हे पटलं. पटवून घेतलं.

तरी दुसऱ्या दिवशी मोजणं रंगात आलेलं असताना ती उठली, पाय न वाजवता मागच्या खोलीपर्यंत गेली आणि दार ढकललं. ते दार फुगलेलं होतं. खालची फट दोन बोटांची, पण वर चौकटीला घासून करकरे. आत नेहमीचंच सगळं: फळ्यांवर दोऱ्याचे गुंडे, इस्त्रीचं टेबल, शिवणाचा डबा, पत्र्याची ट्रंक, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीला नाक लावून उभी असलेली खिडकी. माणूस कोणी नाही. मोजणं होतं तिथेच तुटलं होतं, ‘एकोण’ म्हणून.

एका गुंड्याचं टोक फळीवरून लोंबत होतं आणि हलत होतं. खिडकी बंद होती. दाराच्या झटक्याने हललं असेल, असं अक्काने ठरवलं आणि दार ओढून घेतलं.

ती खुर्चीपाशी पोचायच्या आत मागून आलं, “वीस.”

४

दोन महिन्यांत तिच्या अकरा टोपल्या झाल्या. धाकटीने त्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि बघत बसली. मग अक्काला मिठी मारायची सोडून स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासू लागली. तिला रडू आलं की ती भांडी घासायची.

अक्काच्या जिभेवर आता आकडे रुळायला लागले होते. आवाजाच्या मागोमाग तीही पुटपुटे. कधी कधी तर बरोबरीने. तिला त्या सोबतीची सवय झाली होती. अकराला पाच मिनिटं कमी असताना ती केस सारखे करी, कोणी यायचं असल्यासारखे.

एका सकाळी चहाचं आधण गॅसवर राहिलं आणि उतू जाऊन चर्र झालं. तेवीसचा आकडा नुकताच झाला होता. अक्का सुई खोचून धावली, गॅस बंद केला, ओटा पुसला.

पुसता पुसता ती थांबली.

“सत्तावीस,” मागची खोली म्हणाली. “अठ्ठावीस.”

अक्काची वीण खुर्चीवर पडली होती, तेविसाव्या टाक्यावर. हातात ओला फडका होता. ती तिथेच उभी राहून ऐकत राहिली. फेरी पूर्ण झाली, नाकाने श्वास घेतला गेला, आणि पुढची फेरी सुरू झाली. कोणाचा खोळंबा नाही, कोणाची वाट पाहणं नाही.

इतके दिवस तिला वाटत होतं की तो आवाज तिच्यासाठी मोजतोय. आता तिला समजलं की आत कोणीतरी आपली आपण टोपली विणत बसलंय, आणि आपण दोन महिने तिच्या पावलावर पाऊल टाकत चाललोय.

ती बाहेरच्या जिन्यात जाऊन बसली. दुपारी धाकटी आली तेव्हा अक्काने दार आपोआप लागलं म्हणून सांगितलं. किल्ली तिच्या मुठीतच होती. धाकटीने ती पाहिली, आणि आजारपण अजून पुरतं गेलेलं नाही असं समजून काही बोलली नाही.

ते न बोलणं अक्काला जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी अकराला ती पुन्हा खुर्चीत होती.

५

शेवटी धाकटीनेच विषय काढला. व्यायामाच्या बाईंनी समोर बसून तपासावं आणि अक्का एकटी राहू शकते असं त्यांनी म्हटलं, तर ती घड्याळजींना तारीख कळवील. अक्काने हो म्हटलं.

त्या बुधवारी बाईंनी आधी गोळ्या मोजायला दिल्या. चौदा. अक्काने त्या सुटसुटीत मोजल्या, बोटाला जरा घाम आला एवढंच. फोनचा नंबर तिने फिरवून दाखवला. मग बाई म्हणाल्या, आता एक तळ विणून दाखवा, मोठ्याने मोजत.

अक्काने सहा टाके घातले आणि थांबली. मागची खोली गप्प होती. धाकटी दारात उभी होती, ओढणीचं टोक पिळत. अक्का स्वतःच्या बळावर बारापर्यंत गेली. अठरापर्यंत गेली. चोविसाच्या फेरीत तिला एकोणीस सापडेना. ती सुईकडे बघत राहिली.

“एकोणीस,” मागून आलं.

“एकोणीस,” अक्का म्हणाली. पुढचं दोघींनी मिळून केलं.

बाईंनी वहीत लिहिलं. धाकटीचा चेहरा असा उजळला की अक्काला तिचं शाळेतलं रूप आठवलं. वही बंद करताना बाईंनी मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिलं.

“आत कोणी आहे का तुमच्याकडे?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “का हो?”

“कोणी बोलल्यासारखं वाटलं.”

“खालच्यांचा रेडिओ असतो,” अक्का म्हणाली.

जन्मात ती धाकटीशी फारसं खोटं बोलली नव्हती. पण ते वाक्य बोलताना ती हादरली ती खोट्यापायी नव्हे. मेंदूची नवी वाट दुसऱ्या माणसाच्या कानात उमटत नाही.

६

लग्न सह्या करून, पाच माणसांत झालं. घड्याळजींनी अक्काला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दर रविवारी किल्ली द्यायची, किती वेढे ते तुम्हीच मोजा, असं म्हणून हसले. धाकटी गेली. जाताना तिने गोळ्यांच्या डब्याला इतक्या सूचना केल्या की जणू तो डबाच अक्काजवळ राहणार होता.

आता अकराची वाट बघावी लागत नव्हती. मोजणं सकाळपासून सुरू असे.

अक्का आपल्या टोपलीची बारावी फेरी संपवी, दोरा कापी, नवे सहा टाके घाली. पूर्वी आतही तसंच होई. आता आत अठ्ठेचाळीसच चालू असे. अठ्ठेचाळीस, श्वास, पुन्हा एकपासून अठ्ठेचाळीस. अक्काचं सहा, तिचं अठ्ठेचाळीस. अक्काचं तीस, तिचं अठ्ठेचाळीस. आतलीला टाके मोजता येत होते. फेऱ्या मोजता येत नव्हत्या. भिंत चढतच होती.

एक दिवस गुंडा तिच्या पायाजवळून घरंगळत निघाला. गुंड्याला दोन टोकं असतात, एक पोटातलं आणि एक बाहेरचं. अक्का नेहमी पोटातलं टोक ओढून विणे, म्हणजे गुंडा जागचा हलत नाही. तो हलला, म्हणजे बाहेरचं टोक कोणीतरी ओढत होतं. तिने नजरेने माग काढला. दोरा भिंतीच्या कडेकडेने गेला होता, मागच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत शिरला होता. दर टाक्याला तो ताठ होई आणि सैल पडे. ताठ आणि सैल.

दोघी एकाच गुंड्यावर विणत होत्या.

त्या दिवसापासून अक्काने ते दार उघडलं नाही. दोरा दुकानातून परभारे मागवला. बसल्या बसल्या तिच्याच्याने राहवलं नाही आणि तिने मनात मांडलं: बारा फेऱ्यांची भिंत चार बोटं उंच, दिवसाला तीसएक फेऱ्या, असे किती दिवस. आता तिला हिशोब येत होता. तो छतापर्यंत गेला, छताच्याही वर गेला, आणि तिने तो तिथेच सोडला.

७

धाकटीचा फोन रोज दुपारी एकला येई. त्या आठवड्यात ती म्हणाली की एक खोली रिकामी केलीय, खिडकी रस्त्यावर आहे, उजेड भरपूर आहे. घड्याळजींनी खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय. रविवारच्या गाडीने ये आणि कायमची राहा. अक्काने आढेवेढे घेतले नाहीत. खरं तर तिला इतकं हलकं वाटलं की फोन ठेवल्यावर ती जरा वेळ उभीच राहिली. शनिवारी सकाळी तिने बॅग भरली, सुया आणि शिवणाचा डबा वर ठेवला.

आत मोजणं चालू होतं. छत्तीस. सदतीस. अडतीस.

“अडतीस,” आवाज पुन्हा म्हणाला.

अक्काने बॅगेवरून मान वर केली.

“अडतीस... पस्तीस.” मग बराच वेळ काही नाही. मग अगदी बारीक, “अकरा.”

दोरा दाराशी थरथरत होता. आतून ओढायचं आणि सोडायचं, ओढायचं आणि सोडायचं, टाका न पडता. आता ऐकू येत होता तो श्वास, भरभर, उथळ. अक्काला कोणी काही सांगायची गरज नव्हती. त्या जागेवर तिने एक अख्खं वर्ष काढलं होतं. पडझडीत उभं राहायचं आणि पुढची वीट कुठली ते समजायचं नाही.

ती दारापाशी गेली. गुडघे टेकून जमिनीवर बसली.

“एकोणचाळीस,” ती म्हणाली.

आतला श्वास एकदम थांबला. अक्का हलली नाही.

“एकोणचाळीस,” तिने परत सांगितलं, धाकटीला लहानपणी पाढे सांगायची त्या सुरात. “मग चाळीस.”

“चाळीस,” आतून आलं.

अशी त्यांनी ती फेरी पुरी केली. एक आकडा हिचा, एक तिचा. अठ्ठेचाळीसला आत श्वास घेतला गेला. पुन्हा एक म्हणायच्या आत अक्का बोलली.

“पुरे गं. झाली तुझी टोपली. काप आता दोरा.”

दोरा ताठ झाला आणि तसाच राहिला. काही घडलं नाही. अक्का वाट बघत होती, आणि वाट बघता बघता तिच्या ध्यानात आलं. शिवणाचा डबा पूर्वी मागच्या खोलीत असायचा. धाकटी गेल्यावर तिनेच तो उचलून पुढे आणला होता, कात्रीसकट. आत कापायला काही नव्हतंच. एवढे आठवडे कोणी तरी भिंत चढवत बसलं होतं, थांबता येत नाही म्हणून.

तिने बॅगेतून कात्री काढली आणि फटीतून आत सरकवली.

जरा वेळाने तिकडून बोटं आली. फटीत मावतील एवढीच, चार बोटांची टोकं. नखं नीट कापलेली. पहिल्या बोटावर दोरा घासून पडतो तो घट्टा, अक्काच्या बोटावर होता तसा, पण किती तरी खोल. बोटं फरशीवर चाचपडत फिरली, कात्रीच्या बाजूने गेली, परत आली, सापडली. कात्री आत ओढली गेली.

कच्च.

दोरा मेल्यासारखा पडला. अक्काने आपलं टोक ओढून घेतलं, बोटाला गुंडाळलं. उद्या या वेळी ती गाडीत असणार होती.

फटीतून कात्री परत आली. मुठीची बाजू पुढे करून, दुसऱ्याच्या हातात रीतीने द्यावी तशी.

मग आतून, विसावलेल्या आवाजात कोणी म्हणालं, “एक.”

आणि थांबलं.

इतक्या महिन्यांत त्या आवाजाने कधी कोणाची वाट पाहिली नव्हती. अक्काने बॅगेकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग फरशीवर नीट मांडी घालून तिने पाठ दाराच्या चौकटीला टेकवली.

“दोन,” ती म्हणाली.

एकला फोन वाजला. धाकटीने विचारलं, उद्या कुठल्या गाडीने येतेस, म्हणजे हे स्टेशनवर येतील. अक्का म्हणाली, या रविवारी नको. एक काम हातात घेतलंय, ते अर्धवट टाकून येता यायचं नाही. पुढच्या महिन्यात बघू. धाकटीच्या मागे घड्याळजींच्या दुकानातली घड्याळं टिकटिकताना ऐकू येत होती.

“अक्का,” ती म्हणाली, “एकटी किती दिवस राहशील गं?”

अक्काने दाराकडे पाहिलं. फोन वाजला तेव्हा आतलं मोजणं अठरावर होतं. ते तिथेच थांबलं होतं, दोघी बहिणींचं बोलणं होईपर्यंत.